या पराभवात आमचाही हात आहे

सप्टेंबर लागला की शनिवारची माझी झोप उडते. कधी रात्री साडेनऊला, कधी एकला, तर कधी पहाटे पाचला मी मोबाइल उशाशी टेकवून बसतो आणि सातासमुद्रांपलीकडच्या नेब्रास्का राज्यातील विद्यापीठाचा फुटबॉल-संघ खेळताना, म्हणजे बहुधा हरताना, पाहतो. सोमवारी माझे तांबारलेले डोळे पाहून शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी न चुकता विचारतात, "काय सर, या आठवड्यातही पडली का तुमची अमेरिका?" बाकीचे हसतात. हसोत बापडे. ज्याने कधी कोणत्याच संघावर जीव लावला नाही त्याला पराभव म्हणजे काय हे कळायचे नाही, आणि ज्याने लावला आहे त्याला माझे जागरण समजावून सांगायला नको.

परंतु आज मी जागरणाचे समर्थन करायला बसलेलो नाही. मला भांडायचे आहे. भांडण त्या संघाच्या कारभाऱ्यांशी आहे, पैशाच्या बळावर खेळाचा नकाशा फाडणाऱ्यांशी आहे. आणि शेवटी ते ज्यांच्याशी आहे त्यांचे नाव घेताना मला स्वतःकडेच बोट करावे लागणार आहे.

या नादात मी कसा पडलो ते आधी सांगतो. माझा भाचा ज्वारीवर संशोधन करण्यासाठी त्या राज्याच्या राजधानीत, लिंकनला गेला आणि तिथेच राहिला. २०१८ साली त्याच्या बायकोचे बाळंतपण होते. ताईला एकटीला तो प्रवास झेपणार नव्हता, म्हणून बिनपगारी रजा टाकून मी सोबत गेलो. बाळंतिणीच्या घरात पुरुषमाणसाचा उपयोग तो काय? भाच्याच्या ओळखीच्या एका वृद्ध प्राध्यापकांनी आपल्या दोन जागा आम्हाला दिल्या, आणि १ सप्टेंबरच्या संध्याकाळी भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही मका पाहिलात, गायी पाहिल्यात, आता इथली पंढरी बघा."

पंढरी हा शब्द त्याने थट्टेने वापरला असेल, पण मैदानात शिरताच मला त्यात थट्टा दिसेना. सुमारे वीस लाख वस्तीचे ते राज्य. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी माणसे, पसरलेली मात्र मैलोगणती. तिथे कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळाचा संघ नाही. जे काही आहे ते विद्यापीठाचे, आणि विद्यापीठ राज्याचे. १९२३ साली बांधलेले ते मैदान युद्धात गेलेल्यांचे स्मारक आहे. सामन्याच्या दिवशी तिथे पंचाऐंशी-नव्वद हजार माणूस जमतो आणि तेवढ्या वेळापुरते ते मैदान राज्यातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते. संघाचे नाव कॉर्नहस्कर्स, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. वाघ-सिंह-गरुडांची नावे घेणाऱ्या त्या देशात एका संघाने शेतमजुराचे नाव घ्यावे, ही गोष्ट माझ्यासारख्या कुणब्याच्या पोराला तिथल्या तिथे जिंकून गेली.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट आणि टोकदार. तो छातीशी धरून धावायचे किंवा सहकाऱ्याकडे फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड जमीन जिंकायची, न जिंकता आली तर चेंडू समोरच्याच्या स्वाधीन करायचा. मधूनमधून कबड्डीच्या चढाईची आठवण होते, मधूनमधून बांधाच्या भांडणाची. त्या संध्याकाळी मात्र मला यातले काहीच पाहायला मिळाले नाही. पहिला चेंडू उडाला आणि आभाळ फाटले. विजा कडाडू लागल्या, सर्वांना आडोशाला जायला सांगण्यात आले, आणि दोन-अडीच तासांनी सामना रद्द झाल्याचे जाहीर झाले. माझ्या शेजारी एक सत्तरीचा शेतकरी निथळत उभा होता. त्याच्या बापाने त्याला लहानपणी प्रथम याच मैदानावर आणले होते. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "चला, आज निदान हरलो तरी नाही." मी हसलो. तो हसला नाही.

त्याचे कारण मला पुढच्या दोन महिन्यांत कळले. त्या मोसमात संघ पहिले सहाच्या सहा सामने हरला. त्याच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते. आणि २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात मोसम असे गेले की ज्यांत पराभवांची संख्या विजयांहून अधिक भरली.

आता हे दारिद्र्य कोणाच्या घरी आले ते पाहा. १९६२ साली बॉब डेव्हेनी नावाचा प्रशिक्षक तिथे आला आणि १९७० व १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद आणले. १९७१ साली ओक्लाहोमाच्या मैदानावर ओक्लाहोमाला ३५-३१ असे हरवले तो सामना शतकातला सर्वश्रेष्ठ म्हणून अजून सांगितला जातो. डेव्हेनीनंतर १९७३ साली त्याचा साहाय्यक टॉम ऑस्बोर्न आला आणि पंचवीस वर्षे राहिला. पंचवीस वर्षांत २५५ विजय, आणि एकही वर्ष असे नाही की ज्यात नवापेक्षा कमी सामने जिंकले.

परंतु ऑस्बोर्नचे मोठेपण मला या आकड्यांत दिसत नाही. दोन गोष्टींत दिसते. पहिली गोष्ट २ जानेवारी १९८४ ची. मोसमभर अजिंक्य राहिलेला त्याचा संघ मायामीविरुद्ध शेवटचा सामना खेळत होता. शेवटच्या मिनिटात गुण झाले ३०-३१. आता एक साधी लाथ मारून एक गुण घेतला की बरोबरी, आणि बरोबरीवर अजिंक्यपद बहुतेक पदरात पडणार. ऑस्बोर्नने ती लाथ मारली नाही. त्याने दोन गुणांसाठी, म्हणजे निखळ विजयासाठी, डाव टाकला. चेंडू अडवला गेला. सामना गेला, अजिंक्यपदही गेले. दुसऱ्या दिवशी त्या राज्यातील लोकांनी त्याचा पुतळा जाळला नाही. असा माणूस आपला आहे याचा त्यांना अभिमान वाटला, आणि तो अजून वाटतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सुरुवातीची पाच वर्षे ऑस्बोर्न ओक्लाहोमाकडून दरवर्षी हरला. एक नाही, दोन नाही, पाच वर्षे! पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद त्याला १९९४ साली मिळाले, म्हणजे बाविसाव्या मोसमात. त्यानंतर १९९५ आणि १९९७ ची आली. बावीस मोसम! आजचा कारभारी आणि आजचा प्रेक्षक त्याला किती वर्षे ठेवता? तिसऱ्या वर्षी कुरकूर, चौथ्या वर्षी ओरड आणि पाचव्या वर्षी नारळ. नेब्रास्काच्या वैभवाची तीन वर्षे ज्या झाडाला लागली ते झाड आजच्या हिशेबाने पाचव्या वर्षी तोडून टाकले गेले असते.

आणि तसे ते तोडले गेलेच. फक्त माणूस दुसरा होता. ऑस्बोर्नच्या मागून आला फ्रँक सोलिच. हा त्याच मैदानावर खेळलेला आणि ऑस्बोर्नच्या हाताखाली वर्षानुवर्षे राबलेला. २००१ च्या मोसमात त्याने संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत नेले. २००२ साल वाईट गेले, सात जिंकले आणि सात हरले. २००३ साली त्याने मांड पुन्हा बसवली, नऊ सामने जिंकले आणि तीन हरले; आणि मोसमातला शेवटचा सामना बाकी असतानाच क्रीडाविभागाच्या तत्कालीन प्रमुखांनी, स्टीव्ह पेडरसन यांनी, त्याला घरी पाठवले. सहा वर्षांत ५८ विजय आणि १९ पराभव ही त्या माणसाची कमाई. कारण काय सांगितले, तर हा संघ सामान्यपणाकडे घसरू देणार नाही!

वाचकहो, हे वाक्य नीट ध्यानात ठेवा, कारण सामान्यपणाचे दार उघडले ते याच वाक्याने. सोलिचच्या जागी बिल कॅलहॅन आला. तो व्यावसायिक फुटबॉलातला माणूस. त्याने चार दशकांची खेळण्याची पद्धत उचलून बाहेर फेकली. पहिल्याच वर्षी, २००४ साली, पाच विजय आणि सहा पराभव! १९६१ नंतर प्रथमच संघाचे पारडे पराभवाकडे झुकले, आणि मोसमाअखेरचा मानाचा सामना खेळण्याची पस्तीस वर्षांची अखंड परंपरा तुटली. पुढे सोलिचचे काय झाले म्हणता? तो ओहायो विद्यापीठात गेला, तिथे सोळा मोसम राहिला आणि ११५ सामने जिंकून आपल्या मंडलातील सर्वाधिक विजयांचा मानकरी होऊन निवृत्त झाला. ज्याला नेब्रास्काने कमी दर्जाचा ठरवला त्याला दुसऱ्यांनी सोळा वर्षे जपला.

एवढ्याने शहाणपण यायला हवे होते. आले नाही. २००७ च्या अखेरीस कॅलहॅन गेला आणि बो पेलिनी आला. हा तोंडाचा फटकळ. स्वतःच्याच चाहत्यांना शिव्या दिल्याची त्याची ध्वनिफीत बाहेर आली होती. त्याची मी वकिली करणार नाही. परंतु सात वर्षे त्याने दरवर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले. त्यालाही २०१४ साली काढले. नऊ पुरेसे नव्हते. मग माइक रायली. तीन वर्षांत एकोणीस विजय, एकोणीस पराभव; काढला. मग २०१८ साली घरचाच मुलगा, १९९७ च्या अजिंक्य संघाचा नायक, स्कॉट फ्रॉस्ट. त्याच्या पहिल्याच सामन्याला मी पावसात उभा होतो. चार मोसम आणि तीन सामने मिळून १६ विजय आणि ३१ पराभव. २०२१ साली तर संघ नऊ सामने हरला आणि त्यांतला एकही नवापेक्षा अधिक गुणांनी हरला नाही. अशा हरण्यात रोज तोंडाशी आलेला घास जातो, आणि माणूस पिसाळतो.

मीही पिसाळलो. त्या हिवाळ्यात मी भाच्याला संदेश धाडला होता : "हाकला या माणसाला!" भाच्याने उत्तर दिले नाही. ११ सप्टेंबर २०२२ रोजी फ्रॉस्टला खरोखर हाकलला, तेव्हा मला बरे वाटले. एखादे गळू फुटल्यावर वाटते तसे. मग मागाहून वाचले की करार मोडल्याबद्दल त्याला दीड कोटी डॉलर द्यावे लागले, आणि अवघे तीन आठवडे कळ काढली असती तर ही रक्कम निम्मी झाली असती. तीन आठवडे! पंचाहत्तर लाख डॉलर हे आमच्या तीन आठवड्यांच्या उतावीळपणाचे मोल. शेतकऱ्यांच्या राज्यात, जिथे पाऊस पडेल म्हणून महिना-महिना आभाळाकडे पाहत बसतात, तिथे तीन आठवडे कोणाला निघाले नाहीत. आणि मलाही निघाले नसते, हे मी इथे लिहून देतो.

यावर सुज्ञ म्हणतील की एवढे सोपे नाही. या ऱ्हासाला मोठी कारणे आहेत. आहेत ना! नेब्रास्का थंड आणि विरळ वस्तीचा प्रदेश. चांगले खेळाडू पिकतात ते टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियात. एका संघाने किती शिष्यवृत्त्या द्याव्यात यावर मर्यादा आल्या आणि मोठ्यांना सगळीच मुले गोळा करून ठेवणे अवघड झाले. पूर्वी दूरचित्रवाणीवर मोजके संघ दिसत. पुढे सगळेच दिसू लागले, आणि नेब्रास्काच्या नावाची मिरास संपली. हे सारे मला मान्य आहे. परंतु ज्याच्या जमिनीला पाणी कमी त्याने विहीर राखायची असते. नेब्रास्काची विहीर कोणती होती? स्थैर्य. १९६२ ते २००३ या बेचाळीस वर्षांत तिथे तीन प्रशिक्षक झाले. पुढच्या वीस वर्षांत पाच झाले. ऊन नव्हते, समुद्र नव्हता, गर्दी नव्हती. जे एकच भांडवल होते ते त्यांनी स्वतःच्या हाताने उधळले.

दुसरे भांडवल म्हणजे शेजार. ओक्लाहोमाशी त्यांचे वैर किती जुने आणि किती गोड! आपल्याकडे दोन गावांच्या पैलवानांत असते तसे. १९९६ साली नवे मंडल झाले आणि दरवर्षीची ती गाठ चार वर्षांतून दोनदा अशी झाली. २०११ साली नेब्रास्काने ते मंडलच सोडले आणि बिग टेन नावाच्या दुसऱ्या मंडलात प्रवेश केला. कारण सांगायला नको, दूरचित्रवाणीचा पैसा. आज त्या मंडलात अठरा संघ आहेत, त्यांतले काही थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचे, आणि २०२३ पासून सुरू झालेला त्यांचा सात वर्षांचा प्रक्षेपणकरार सातशे कोटी डॉलरांहून अधिकचा आहे. पैसा आला. आणि १९९९ नंतर मंडलाचे विजेतेपद मात्र एकदाही आले नाही. ओक्लाहोमाची गाठ २०२१ आणि २०२२ मध्ये जुन्या कराराने पडली. दोन्ही वेळा हरले. परंतु हरण्यापेक्षा मला याचे दुःख अधिक आहे की त्या मैदानावर आता ज्यांच्याशी खेळतात त्यांच्यावर कोणाचे धड प्रेमही नाही आणि धड रागही नाही.

खेळणाऱ्या मुलांना पैसे मिळू लागले म्हणून काहीजण नाके मुरडतात. मी मुरडणार नाही. प्रशिक्षकाला हाकलण्यासाठी दीड कोटी डॉलर निघतात, आणि डोके फोडून घेणाऱ्या पोराला दमडी द्यायची म्हटली की खेळाचे पावित्र्य आठवते, हा ढोंगीपणा होता. २०२१ पासून त्यांना आपल्या नावावर कमाई करता येऊ लागली आणि २०२५ सालच्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठे थेट पैसे देऊ लागली, हे न्यायाचेच झाले. परंतु त्याच तडजोडीने, काही जुन्यांना सूट देऊन, संघाला एकशे पाच खेळाडूंची मर्यादा घातली. नेब्रास्काची खरी शान कोणती होती? खेड्यापाड्यांतून येणारी, शिष्यवृत्ती नसलेली, घरच्या खर्चाने शिकणारी आणि चार वर्षे चिखलात लोळून अखेरच्या वर्षी मैदानात उतरणारी पोरे. मोठ्यांच्या हिशेबात या पोरांची जागा पहिली कापली जाते. या बारीक अन्यायाबद्दल कोणी मोर्चा काढला नाही. प्रेक्षकांची सारी बोंब प्रशिक्षकाच्या नावाने.

म्हणजे आलो मी प्रेक्षकांपर्यंत. म्हणजे माझ्यापर्यंत.

३ नोव्हेंबर १९६२ पासून त्या मैदानावरील प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे संपत आली आहेत. २०२४ साली ही साखळी चारशेच्या वर गेली. जगात असे प्रेम कुठे आहे, असे म्हणून तिथले लोक छाती फुगवतात, आणि मीही फुगवली आहे. परंतु शांतपणे विचार करा. ज्या दुकानाचा माल कुजका निघाला तरी गिऱ्हाईक रांग सोडत नाही, त्या दुकानदाराला माल निवडण्याची गरज काय? सोलिचला काढले, मैदान भरले. शेजारी सोडले, मैदान भरले. २०२१ साली काही सामन्यांची तिकिटे उरू लागली, तेव्हा दात्यांनी ती विकत घेऊन गरजू मुलांना वाटली. मुलांना सामना पाहायला मिळाला, पुण्य लागले, उत्तम झाले. पण कारभाऱ्यांना जो एक निरोप त्या रिकाम्या खुर्च्या देऊ पाहत होत्या, तो मात्र पोचला नाही.

आम्ही प्रेक्षकांनी उलटे केले, असे माझे म्हणणे आहे. पैसा दिला तो बिनशर्त दिला, आणि धीर दिला तो मात्र अटी घालून. खरे तर पैसा देताना प्रश्न विचारायचे होते : हा करार असा का लिहिला? शेजाऱ्याची गाठ का सोडली? गावाकडच्या पोराची जागा का गेली? आणि धीर देताना काहीही विचारायचे नव्हते. आम्ही वर्गणी मुकाट्याने भरली आणि तिसऱ्या पराभवाला गळा काढला. कारभाऱ्यांना याहून सोयीचा प्रेक्षक मिळायचा नाही. आमच्या ओरडण्याला एक माणूस बळी दिला की आम्ही शांत. आणि बळी देणारा खुर्चीत कायम.

हे मला इतक्या ठामपणे सांगता येते, कारण हाच गुन्हा मी एकदा घराजवळही केला आहे. पूर्वी मी ज्या शाळेत होतो तिथे एक मुख्याध्यापक होते. मितभाषी, शिस्तीचे, मुलांच्या वह्या स्वतः पाहणारे. लागोपाठ दोन वर्षे शाळेचा निकाल घसरला. गावात कुजबुज झाली, मग सभा झाली, मग अर्ज लिहिला गेला. मराठी शुद्ध असावे म्हणून तो अर्ज माझ्याकडून तपासून घेतला गेला, आणि तपासून झाल्यावर मी त्याखाली सहीही केली. ते गेले. त्यांच्यामागून चार वर्षांत तीन मुख्याध्यापक आले. प्रत्येकाने नवे वेळापत्रक लावले, नवे रजिस्टर काढले आणि आधीच्याची वहीतपासणी बंद केली. निकाल होता त्याहून खाली गेला. शाळेच्या छपराची गळती, रिकामी पडलेली गणिताच्या शिक्षकाची जागा, यांतले काहीच बदलले नाही, कारण त्याबद्दल आम्ही अर्ज केलाच नव्हता. ते मुख्याध्यापक मला एकदा एस.टी. स्टँडवर भेटले. "काय, कसं चाललंय?" एवढेच म्हणाले. मी "बरं आहे" म्हणालो. सही केल्याचे त्यांना माहीत होते की नाही, हे विचारण्याची माझी छाती झाली नाही.

कोणी म्हणेल, धीर धरल्याने विजय मिळतो हे कशावरून? पुरावा त्याच विद्यापीठात आहे. तिथला मुलींचा व्हॉलीबॉल-संघ घ्या. तेच राज्य, तीच थंडी, तीच तिजोरी, तेच लोक. १९७७ ते १९९९ टेरी पेटिट, २००० ते २०२४ जॉन कुक. अठ्ठेचाळीस वर्षांत प्रशिक्षक किती, तर दोन! आणि राष्ट्रीय अजिंक्यपदे पाच. पहिले आले १९९५ साली, म्हणजे पेटिट यांच्या एकोणिसाव्या मोसमात. ३० ऑगस्ट २०२३ रोजी या मुलींचा सामना फुटबॉलच्या त्या मैदानावर मांडला, आणि ९२,००३ माणसे आली. मुलींच्या सामन्यासाठी! भाच्याने आपल्या पाच वर्षांच्या लेकीला खांद्यावर घेतलेले छायाचित्र मला धाडले. हीच ती मुलगी, जिच्या बाळंतपणाला मी गेलो होतो. तिच्या अंगात लाल सदरा आणि तोंडभर हसू. फुटबॉलच्या मोसमात त्या मैदानावर असे हसू मी पाहिले नव्हते.

फुटबॉलची सूत्रे २०२३ च्या मोसमापासून मॅट रूलकडे आली. आठ वर्षांचा करार, सात कोटी चाळीस लाख डॉलर. पहिल्या वर्षी पाच जिंकून सात हरले. मानाच्या सामन्यासाठी आणखी एक विजय हवा असताना शेवटचे चारही सामने थोडक्या गुणांनी घालवले. पुन्हा ओरड झाली. दुसऱ्या वर्षी, २०२४ साली, सात विजय, सहा पराभव, आणि आठ वर्षांनी मानाचा सामना खेळून तो जिंकलाही. हा माणूस ऑस्बोर्न आहे काय? मला ठाऊक नाही. ऑस्बोर्न ऑस्बोर्न आहे हे पाचव्या वर्षी ऑस्बोर्नलाही ठाऊक नव्हते.

त्या मैदानाच्या भिंतीवर त्याच विद्यापीठातल्या तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाने रचलेले शब्द कोरले आहेत. त्यांचा आशय असा की मोल विजयाचे नाही, कृतीचे आहे. कीर्ती खेळण्यातच आहे. गीता घरात ठेवणाऱ्या माणसाला यात नवे काही सांगायला नको, आणि ती घरात ठेवूनही निकालाच्या कागदावर सही करणाऱ्याला तर मुळीच नको. त्या लोकांत अजून एक चाल आहे : सामना संपला की पाहुण्या संघालाही टाळ्या देऊन निरोप द्यायचा. हरलेल्याच्या अंगणात जिंकून जाणाऱ्याला टाळ्या! दुसऱ्याच्या पोरांशी एवढे मोठे मन दाखवणाऱ्या लोकांना आपल्याच पोरांशी आणि आपल्याच गुरूशी ते का दाखवता येऊ नये?

म्हणून माझी मागणी अजिंक्यपदाची नाही. प्रशिक्षकाला त्याच्या कराराची वर्षे निमूट पुरी करू द्या. करार मोडण्याची किंमत सही होण्यापूर्वी लोकांपुढे मांडा. ओक्लाहोमाची गाठ पुन्हा दरवर्षाची करा. हरलो तरी चालेल, आमच्याच माणसांकडून हरू. गावाकडच्या पोरासाठी संघात जागा राखा. यांतले काही होत नसेल तर एखाद्या शनिवारी मैदान रिकामे ठेवा, आणि साखळी तुटली तर तुटू द्या. मात्र ती प्रशिक्षकाच्या नावाने तोडू नका. कारभाऱ्यांच्या नावाने तोडा.

येत्या शनिवारी सामना पहाटेचा आहे. मी उठणार आहे. हरले तर रागावेनही, कारण राग हा प्रेमाचाच हिस्सा आहे आणि तो सोडण्याचा माझा विचार नाही. परंतु भाच्याला या वेळी 'हाकला' असा संदेश जाणार नाही. सोमवारी सहकाऱ्यांनी विचारले, "काय सर, पडली का अमेरिका?" तर सांगेन : पडली, आणि पडल्यावर उठायला जेवढा वेळ लागतो तेवढा तिला देणार आहे. तेवढा वेळ मी एकदा एका माणसाला दिला नव्हता.